जटाबाईच्या तळहातावरची खूण

या, दोघी इकडे सरका. रेवा, पाय आत घे गं, गार लागताहेत. ऐका आता.

एकदा काय झालं, खाडीकाठच्या एका गावात मथुरा नावाची मुलगी राहायची. आठ वर्षांची. एक दिवस ती आईबरोबर खडकावर कालवं काढायला गेली आणि धारदार शिंपेनं तिचा तळपाय कापला. आईनं पाय धुतला, फडकं बांधलं. पण त्या एवढ्याशा फटीतून शेंडीवाले जंतू आत शिरले होते. एकाचे दोन झाले, दोनाचे चार झाले, चाराचे आठ. जखम लाल झाली, ठणकायला लागली.

आता मथुराच्या कातडीखाली कोण राहत होतं ठाऊक आहे? जटाबाई. पेशी होती ती, बरं का. इतकी लहान, की सुईच्या टोकावर तिच्यासारख्या दोन-चार जणी सहज बसतील. तिला चहूबाजूंनी जटा फुटलेल्या, आणि त्या जटांनी ती येणाऱ्याजाणाऱ्याला चाचपून बघायची. तिच्यापाशी ना भाला, ना तलवार. तिनं काय केलं, एक जंतू धरला आणि गिळला. पोटात त्याचे तुकडे तुकडे केले. मग त्याच्या शेंडीचा एक तुकडा वर काढला आणि आपल्या तळहातावर नीट मांडला.

का मांडला? तर शरीरात जे शिपाई असतात ना, त्यांची एक गंमत आहे. आख्खा जंतू समोर उभा केला तरी त्यांना तो ओळखू येत नाही. आपल्याच माणसानं तळहातावर तुकडा ठेवून दाखवला, तरच ओळखतात.

मग जटाबाई निघाली. कुठे? जांघेतल्या गाठीकडे. चिंचोक्याएवढी गाठ असते तिथे, आणि हिंडते शिपाई तिथे येऊन टेकतात. आपल्याला तो हातभर रस्ता, तिला शंभर कोस. घोटा मागे पडला. मग पोटरी मागे पडली. मग गुडघा. हात तिनं कुठे टेकला नाही, तुकडा पडेल म्हणून.

पोचली एकदाची. हात पुढे करून उभी राहिली.

पण शिपायांची आणखी एक तऱ्हा. प्रत्येकाला एकच खूण कळते. एकच! दुसरी नाही. छातीच्या फळीमागे त्यांची शाळा असते, फार कडक. शंभर आत गेले तर दोन-तीन पास होतात. ज्याला तळहातावरची खूण वाचता येत नाही तो नापास. ज्यानं आपल्याच माणसावर हात उगारला, तोही नापास. अशा शाळेतून आलेले ते.

पहिला आला. तळहात चाचपला. म्हणाला, "माझी नव्हे, मावशी." गेला.

मग दुसरा आला. "माझी नव्हे, मावशी."

तिसरा आला, तोही तसाच गेला. मग शंभर आले, हजार आले. जटाबाईचा हात भरून आला, पण तिनं तो खाली घेतला नाही.

इकडे मथुराला ताप चढला. जांघेत अवधाण आलं. आई घाबरली, गाठ चोळायला लागली. तेव्हा मी त्या गावच्या दवाखान्यात नर्स होते. जखम धुतली, डॉक्टरांनी औषध दिलं. मथुराच्या आईला मी म्हटलं, "वहिनी, चोळू नका. आत शिपायांची सभा भरलीय, म्हणून गाठ सुजलीय."

आणि खरंच भरली होती. त्या गर्दीत ओळख्या नावाचा एक शिपाई आला. बिचारा कितीतरी दिवस या गाठीतून त्या गाठीत हिंडत होता. त्याची खूण कुणाच्याच तळहातावर नसायची. बाकीचे त्याला हसायचे, "अरे, तुझी खूण जगात आहे तरी का?"

तो म्हणायचा, "नसली तर बरंच की. मथुराला तेवढा एक वैरी कमी."

असा तो ओळख्या. त्यानं जटाबाईचा तळहात चाचपला आणि थांबला. हात निघेचना. चपखल बसला.

"मावशी," तो म्हणाला, "ही माझी."

जटाबाईला रडूच आलं असेल. पण ती घाईची नव्हती. म्हणाली, "थांब. नुसती खूण पटली म्हणून धावायचं नाही. ही खूण मी जखमेतून आणलीय, तिथं खरंच आग लागलीय. हे बघ." तिनं दुसरा हात पुढे केला. त्यावर संकटाची निशाणी होती. ओळख्यानं तीही चाचपली. दोघं एकमेकांना धरून दिवसभर तशीच उभी राहिली.

मग काय झालं! एका ओळख्याचे दोन झाले. दोनाचे चार. बघता बघता हजारो. काही जखमेकडे धावले आणि तिथल्या खादाड पेशींना जोर दिला. काही गाठीतच थांबले, बाण घडवणाऱ्या पेशींना म्हणाले, "या शेंडीला चिकटतील असेच घडवा." बाण सुटले, शेंड्यांना चिकटले. खादाड पेशींनी बाण लागलेले जंतू वेचून वेचून खाल्ले.

आठव्या दिवशी मथुरा उठून बसली. म्हणाली, "आई, भूक लागली. पेज दे." आईनं पदरानं डोळे पुसले आणि चूल पेटवली.

आणि जटाबाई? ती घरी परतली नाही, बाळांनो. तिथेच गाठीत भिंतीला टेकून बसली. ओळख्यानं विचारलं, "मावशी, जायचं नाही का?"

ती म्हणाली, "माझ्या जागी दुसरी आली असेल रे. माझं सांगून झालं." आणि हळूच विरून गेली. केवढी मोठी बाई! ना तिला कुणी पाहिलं, ना मथुराला कधी तिचं नाव कळलं.

ओळख्याची फौजही पांगली. मोजके म्हातारे तेवढे उरले. पुढे मथुराचं लग्न झालं, मुलं झाली. एकदा तिच्या बोटात माशाचा काटा गेला आणि तेच शेंडीवाले आत घुसले. पण म्हाताऱ्यांनी त्यांना लगेच ओळखलं. ताप नाही, अवधाण नाही. मथुरा आपली मासळी निवडत बसली होती, तिला पत्तासुद्धा नाही. सुखात राहिली, नातवंडं खेळवली.

झोपा आता. तुमच्या कातडीखाली कुणीतरी जागं आहे.