वाघाच्या बाजूचे नियम

धुकं उतरलं की पाणी कुठे संपतं आणि आभाळ कुठे सुरू होतं हे कळू नये, असं एक कमळांचं तळं होतं. ते कुणाचं, हे दर वर्षी काठावरच्या वाघ-बकरीच्या डावावर ठरे. राजा वीरध्वज स्वतः वाघ घेई, गावाला बकऱ्या देई आणि नियमही आपणच करी. वाघाने हवी तेवढी लांब उडी मारावी. कोंडला गेलाच, तर पुन्हा मोकळा व्हावा. साहजिकच कमळं कायम राजाची.

"माझे नियम दोन्ही बाजूंना सारखेच आहेत," तो मिशीवर ताव देत म्हणे. "तुम्हालाच खेळता येत नाही."

यंदा गावातर्फे यसूबाई बसली. खडे मांडता मांडता ती म्हणाली, "नियम तुमचेच राहू देत, महाराज. सारखेच आहेत, तर आज बकऱ्या तुम्ही घ्या. वाघ मी घेते."

राजाचा हात मिशीवरच थांबला. नाही म्हणावं, तर सगळ्यांदेखत तो खोटा पडणार होता.

"लांब उडी काढून टाकू," तो हळूच म्हणाला. मग आणखी हळू, "सुटकाही."

"आता मला कुठलीही बाजू चालेल," म्हणत यसूबाईने वाघ त्याच्याकडेच सरकवला.

डाव स्वप्नासारखा रेंगाळत गेला. कमळं मिटू लागली तेव्हा वाघ कोंडला गेला आणि तळं गावाचं झालं.

"हरलो खरा," राजा म्हणाला, "पण इतकी वर्षं खेळतोय, असा रंग कधी चढला नव्हता."

"कसा चढणार, महाराज?" खडे गोळा करत यसूबाई म्हणाली. "तुम्ही खेळलात आजच."