तांबडे पाणी, निवळ पाणी

पूर्वी शालवती नगरीत राजा विजितसेन राज्य करीत असता बोधिसत्त्व तेथील अमात्यकुळात जन्माला आले, आणि पित्यामागून स्वतः अमात्य झाले. नगरीची नदी वरच्या डोंगरांतून उतरणाऱ्या दोन ओढ्यांची बनली होती. लहान ओढ्याचे नाव करवंदी, मोठ्याचे शेवरी.

राजाने अवाढव्य सभागृह बांधायला घेतले होते. त्यासाठी शेवरीच्या खोऱ्यातला सारा साग तोडला गेला. उघड्या उतारांना आग लावून तेथे तीळ पेरले, आणि उरल्या जागेत गुरे सुटली. करवंदीच्या खोऱ्यात मात्र डोंगरी लोकांची वस्ती होती. ते गरजेपुरतेच लाकूड घेत, म्हणून तेथले रान उभे होते.

पुढे काही वर्षांत नदीचा स्वभाव पालटला. एका श्रावणात ती घटकाभरात चढली आणि कुंभारवाडा वाहून गेला. कित्येक माणसे बुडाली. पुढच्या चैत्रात त्याच नदीच्या वाळूत बायका झिरे खणून वाटी-वाटीने पाणी भरू लागल्या.

सेनापती चंडकेतू राजाला म्हणाला, “महाराज, हे डोंगरी लोक मंत्रतंत्र जाणतात. पाणी अडवतात तेच आणि सोडतातही तेच. त्यांना हुसकावून लावा. त्यांचे रान तोडले की सभागृहही पुरे होईल.”

राजा प्रजेच्या दुःखाने गांगरला होता. त्याला हे पटले. आज्ञा सुटणार तोच बोधिसत्त्व उभे राहिले.

“महाराज, आषाढाची झड लागेपर्यंत थांबावे. मग एक दिवस माझ्याबरोबर ओढ्यांच्या संगमावर यावे.”

“आणि तेथे काहीच दिसले नाही तर?”

“तर त्या लोकांबरोबर मलाही सीमेपार घालवावे.”

आषाढात झड लागली तेव्हा राजा संगमावर गेला. डोंगरी लोक बोचकी बांधून एका बाजूला उभे होते. त्यांचा म्होरक्या तमाल आपले बोचके छातीशी धरून पुढे होता. पाऊस दोन्ही खोऱ्यांवर सारखाच कोसळत होता. पाहता पाहता शेवरी तांबडी होऊन गर्जत आली. तिच्या पाण्यात माती होती, दगड होते, तिळाची उपटलेली रोपे होती. करवंदीचे पाणी मात्र हळूहळू वाढत गेले. ते गढूळ नव्हते की तांबडे नव्हते. तळाचे गोटे दिसावेत इतके निवळ होते.

दुपारी पाऊस थांबला. सायंकाळपर्यंत शेवरी ओसरून तिचे खडक उघडे पडले. करवंदी तशीच वाहत राहिली.

राजा उघड्या पडलेल्या खडकांपर्यंत चालत गेला. मग त्याने विचारले, “अमात्य, हे कोणते मंत्र?”

“मंत्र नाही, महाराज. रानात पाऊस पानांवर पडतो, पाचोळ्यात झिरपतो, मुळांच्या वाटेने जमिनीत उतरतो. जमीन तो पोटात ठेवते आणि उन्हाळाभर थोडा थोडा देते. उघड्या उतारावर त्याला धरायला कोणी नाही. म्हणून आज तो बुडवतो आणि चैत्रात सापडत नाही.”

“पण माझे सभागृह अर्धेच राहील. लोक हसतील.”

“अर्ध्या सभागृहाला हसतील, महाराज. कोरड्या नदीला कोणी हसत नाही.”

राजाने आज्ञा मागे घेतली. तमालाने बोचके खाली ठेवले आणि तो तेथेच चिखलात बसून रडला.

पण शेवरीचे खोरे एवढ्याने बरे होणार नव्हते. ते काम लांबचे होते आणि त्यात कीर्ती नव्हती. बोधिसत्त्वांनी अमात्यपदाची मुद्रा राजाच्या हाती दिली आणि ते शेवरीच्या उतारावर झोपडी बांधून राहिले. डोंगरी लोकांसह त्यांनी उतारांवर आडवे दगडी बांध घातले, गवताचे बी फेकले, रोपे लावली आणि चराई बंद केली.

एका सकाळी बांध फोडलेले दिसले. रोपे तुडवली होती. तेथे सोमा नावाची गवळण गुरांसह उभी होती.

“होय, मीच फोडले,” ती म्हणाली. “तुम्हाला झाडे हवीत. माझ्या गाईंनी काय खायचे, धोंडे?”

लोक तिच्यावर धावले. बोधिसत्त्वांनी त्यांना अडवले आणि ते तिला म्हणाले, “बाई, हे मी आधी विचारायला हवे होते. गवत वाढले आहे. ते कापून न्या, गुरे मात्र आत सोडू नका.”

“कापायला आणि वाहायला माझ्याकडे माणसे कुठे आहेत?”

“मी आहे.”

त्या दिवसापासून ते रोज गवताचा भारा डोक्यावर घेऊन गवळीवाड्यात उतरत. नगरीतले लोक म्हणत, अमात्य होता, हमाल झाला. बोधिसत्त्व शांतपणे भारा टाकत आणि पुन्हा डोंगर चढत. पुढे सोमा स्वतः विळा घेऊन येऊ लागली. तिच्यामागून इतर गवळीही आले.

वर्षे गेली. बोधिसत्त्वांचे केस पिकले. मग एका वर्षी पावसाने दडी मारली. आसपासच्या राज्यांतल्या नद्या माघातच आटल्या. शालवतीची नदी बारीक झाली, पण तुटली नाही. परक्या राज्यांतली माणसे गुरे घेऊन तिच्या काठी आली आणि कोणी त्यांना हाकलले नाही.

वृद्ध राजा हत्तीवर बसून शेवरीच्या खोऱ्यात आला. झाडी इतकी दाट होती की हत्तीला पुढे जाता येईना. राजा खाली उतरला. बोधिसत्त्व गवताचा भारा उचलत होते.

“अमात्य, परत चला. तुमची जागा मी रिकामीच ठेवली आहे.”

“महाराज, खाली गाई वाट पाहत आहेत.”

राजाने अंगावरचा शेला कमरेला बांधला, वाकून भाऱ्याचे दुसरे टोक धरले, आणि दोघे उतार उतरू लागले.

ही कथा सांगून शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, समोर बसलेल्या संघाकडे पाहिले आणि ते म्हणाले, “भिक्षूंनो, त्या वेळचा राजा म्हणजे आज येथे बसलेला स्थविर धर्मरुची. तमाल म्हणजे भिक्षू अनुपम, आणि सोमा म्हणजे आपल्या विहाराला रोज दूध आणून देणारी उपासिका नंदिका. चंडकेतू अजून जन्मोजन्मी वाट शोधतो आहे. त्याच्याविषयी मैत्री धरा. अमात्य मीच होतो. जो आपल्याला कधी भेटणार नाही, त्याच्या तहानेसाठी आज घाम गाळणे, हीच करुणा. तिला धीराची जोड मिळाली की ती पूर्णत्वाला पोचते, पारमिता होते.”