पिटुकचा कान ठण् ठण्

एक होता उंदीर. इटुकला पिटुकला, म्हणून नाव पिटुक. कान मात्र पळसाच्या पानाएवढे!

एका दुपारी पिटुकची झोप पळाली. उजवा कान दुखायला लागला. ठण् ठण्! ठण् ठण्!

आईनं त्याला डॉक्टर टिटवीबाईंकडे नेलं. त्यांनी कान पाहिला. म्हणाल्या, "कोरड्या, कोमट फडक्यानं बाहेरून शेका. कानात काही घालायचं नाही. तेल नाही, लसूण नाही, काडी नाही! संध्याकाळी परत दाखवा."

पिटुक घरी आला. तुरुतुरु तुरुतुरु.

"फडक्या फडक्या, शेकतोस का? माझा कान ठण् ठण्!"

"मीच गारठलोय. तवा तापेल, तर मी शेकेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"तव्या तव्या, तापतोस का? फडकं शेकेना. माझा कान ठण् ठण्!"

"हॅ! चूल पेटेल, तर मी तापेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"चुली चुली, पेटतेस का? तवा तापेना. फडकं शेकेना. माझा कान ठण् ठण्!"

"मी उपाशी आहे! काटक्या येतील, तर मी पेटेन."

तुरुतुरु तुरुतुरु.

"काटक्यांनो काटक्यांनो, येता का? चूल पेटेना. तवा तापेना. फडकं शेकेना. माझा कान ठण् ठण्!"

"कशा येणार? घूसमावशी आमच्यावर बसलीय! ती उठेल, तर आम्ही येऊ."

खरंच की! काटक्यांवर लठ्ठ घूसमावशी. मांडीवर तेलाची बाटली.

"मावशे मावशे, उठतेस का? काटक्या येईनात. चूल पेटेना. तवा तापेना. फडकं शेकेना. माझा कान ठण् ठण्!"

"अरे, कानात तेल घाल! लसणाचं! गरमागरम! आमच्या वेळी हेच करायचे."

"टिटवीबाई नको म्हणाल्या."

"तिला काय कळतं? कालची पोर! तेल घालशील, तर मी उठेन."

पिटुक चिडला. शेपटी आपटली. फट्!

"बरं. पण आधी तुझ्या कानात घालू!"

त्यानं बाटली उचलली. बूच काढलं. फुस्स!

"माझ्या कानात? ई ई ई! नको रे बाबा!"

मावशी उठली. पळत सुटली. धप धप धप!

मावशी उठली, काटक्या आल्या. काटक्या आल्या, चूल पेटली. चूल पेटली, तवा तापला. तवा तापला, फडकं शेकायला तयार!

आईनं फडकं आधी स्वतःच्या गालाला लावलं. "गरम नाही ना? हां, कोमट."

मग पिटुकच्या कानाला. बाहेरून. हळूच.

ठण् ठण्... ठण्... ठ...

"हुश्श!" पिटुक म्हणाला. आणि घोरायलाच लागला. घुर्र घुर्र.

दारातून मावशी डोकावली. "थोडंसं तेल..."

पिटुकनं एक डोळा उघडला.

धप धप धप!

गोष्टीची शेपटी इथंच संपली, पिटुकला झोप आत्ताच लागली. गप्प बसा. संध्याकाळी त्याला टिटवीबाईंकडे जायचंय!