पेवात सोडलेला दिवा

ज्येष्ठातली सकाळ, पहिला प्रहर. नगराच्या दक्षिण वेशीबाहेर टेकाडावर राजाचे धान्याचे पेव उघडायचे होते. त्या नगरात तेव्हा जयसेन नावाचा राजा राज्य करीत होता, आणि बोधिसत्त्व तिथल्याच एका वैद्याच्या घरी जन्मला होता. त्याचे नाव सुचेत. तक्षशिलेहून तो नुकताच शिकून परतला होता.

पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार. तोंड एक माणूस उतरेल एवढे, पोट हत्ती मावेल एवढे. आत ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवायची आणि शेणमातीने लिंपून टाकायची. त्या अंधारात एक यक्षिणी राहते, असे सगळे नगर मानत असे. तिचे नाव कोणी घेत नसे; नुसते 'आतली' म्हणत. आतलीला उजेड खपत नाही आणि ताटकळणेही खपत नाही, अशी समजूत. म्हणून शिळा सरली की डफ वाजू लागे, आणि डफ थांबायच्या आत पाळीच्या घरचा पुरुष दोराने खाली गेलेला असे. दोराचे टोक त्याच्या बायकोच्या मनगटाला बांधत. कधी माणूस हसत वर येई. आतली प्रसन्न झाली, असे लोक म्हणत. कधी दोर नुसताच जड होई.

यंदा पाळी रेवताच्या घराची होती. त्याची बायको नंदुत्तरा पेवाच्या काठाशी उभी होती. ती सून होऊन आली त्याच वर्षी तिच्या सासूच्या मनगटावरचा दोर जड झाला होता. सासऱ्यांना वर काढले तेव्हा अंगावर ओरखडाही नव्हता. तोंड तेवढे उघडे होते.

"भीती वाटतेय तुला," रेवत म्हणाला.

"तुम्हाला नाही का?"

"मलाही वाटतेय. पण मला दोराला धरायचंय, तुला मला धरायचंय."

शिळा सरली. पेवाच्या तोंडातून कोंदट, आंबूस वाफ आली आणि डफवाल्याने हात उचलला. तेवढ्यात सुचेत गर्दीतून पुढे आला. त्याच्या हातात पेटता दिवा होता.

यक्षिणीचा पुजारी कालसेन आडवा आला. "दिवा विझव. आतलीला उजेड चालत नाही."

"हे कोणी पाहिलं?"

"पाहायला गेलेले परत आले नाहीत."

"मग येऊन सांगितलं कोणी?"

गर्दीत कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. एक म्हातारी म्हणाली, "तक्षशिलेला जाऊन आलाय बाबा. आता आतलीला धडे देईल."

कालसेनाने आवाज चढवला नाही. तो लोकांकडे वळून म्हणाला, "दिवा खाली गेला तर ती वर येईल. मग पाळी एका घराची राहणार नाही." आयांनी पोरे कडेवर घेतली. लोक मागे सरकले.

"भाऊ, खाली काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का?" नंदुत्तरेने सुचेताला विचारले.

"नाही, वहिनी. भीती मलाही वाटते. पण ठाऊक नाही, म्हणून दिवा आधी जाऊ दे. माणूस नंतर."

नवऱ्याचा जीव एकीकडे, सगळ्या नगराचा शाप दुसरीकडे. नंदुत्तरेने नवऱ्याच्या कमरेची गाठ सोडली आणि तो दोर दिव्याच्या कडीला बांधला.

दिवा खाली गेला. पुरुषभर खोलीवर ज्योत बारीक झाली आणि गेली. वारा नव्हता. पान हलत नव्हते. लोकांच्या तोंडून एकच हुंकार निघाला.

"पाहिलंत?" कालसेन म्हणाला. "ती आहे."

नंदुत्तरेला वाटले, आपणच तिला जागे केले. सुचेताने दिवा वर घेतला. तेल होते तेवढेच होते, वातीला पाणी लागलेले नव्हते. त्याने तो पुन्हा पेटवून सोडला. ज्योत त्याच खोलीवर गेली. तिसऱ्यांदा सोडला, पुन्हा तिथेच.

"रागावलेलं माणूस दर वेळी एकाच जागी फुंकर मारत नाही," तो म्हणाला. "ही बाई नव्हे. ही कोंडलेली हवा आहे. पाण्यासारखी तळाशी साचलीये, आणि दिवा तिच्यात बुडतो. माणूसही बुडेल."

"शिळा लावा!" कोणीतरी ओरडले.

"लावू नका. ती वर येऊन कोणाला नेणार असेल, तर मी इथे काठावरच बसतो."

तो पाय सोडून बसला. कोंडलेली हवा बाहेर निघावी म्हणून सुचेताच्या सांगण्यावरून रेवताने कडुलिंबाच्या फांद्यांची मोळी दोराला बांधली आणि रहाटाची बादली खालीवर करावी तशी पेवात हलवू लागला. दुपार चढली. आतून किंचित सूं असा आवाज येई आणि प्रत्येक वेळी नंदुत्तरा वाकून आत पाही. दिवा मात्र दर खेपेला थोडा अधिक खाली जाऊ लागला. तिसऱ्या प्रहरी तो ज्वारीच्या राशीला टेकला आणि जळत राहिला.

रेवत पुढे झाला, पण सुचेताने दोर स्वतःच्या कमरेला बांधला. "बोललो मी. उतरायचंही मीच." दुसरे टोक नंदुत्तरेच्या मनगटाला होते. दोर सरत गेला, थांबला, सैल पडला. तिने डोळे मिटले.

"रेवता," खालून हाक आली, "ज्वारी भरायला पाटी सोड."

लोक खाली बसले. नंदुत्तरा मात्र उभीच राहिली. तिला सासऱ्यांचे उघडे तोंड आठवले. ते ओरडत नव्हते, श्वास शोधत होते. आणि त्या वेळी वर सगळे नगर डफ वाजवीत उभे होते.

ही कथा सांगून शास्ता, भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "त्या जन्मीचा रेवत म्हणजे आज दिव्याला तेल घालणारा हा उपासक. नंदुत्तरा म्हणजे काल या विहारात प्रश्न विचारताना जिला तुम्ही गप्प केलेत ती उपासिका. 'जुन्या लोकांना कळत नव्हते का?' असे म्हणून अभ्यास टाळणारा भिक्षू तेव्हा डफ वाजवीत होता. आणि वैद्यपुत्र सुचेत तो मीच. न कळणे हा दोष नाही, भिक्षूंनो. कळून घेऊ न देणे हा दोष आहे. बोधिसत्त्वाने पूर्णत्वाला न्यायच्या या गुणाचे, या पारमितेचे, नाव प्रज्ञा."

"आणि कालसेन?" एका भिक्षूने विचारले.

शास्ता म्हणाले, "पुढे राजाने नगरातली सगळी पेवे तपासली. यक्षिणीच्या देवळामागेही एक पेव होते, पुजाऱ्यांचे स्वतःचे. त्याची शिळा दर वर्षी धान्य काढायच्या आदल्या दिवशीच काढून ठेवलेली असे, आणि त्यात कधीच कोणी मेले नव्हते. असे का, हे राजाने कालसेनाला भर सभेत विचारले. तोच प्रश्न आज मी तुम्हाला विचारतो."