पान्हाईला चोळी का नाही

कातळवाडीच्या डोंगरात पान्हाई आहे. खडकातच कोरलेली, कमरेच्या वर उघडी. तिच्या छातीवरून पाणी झिरपतं आणि खालच्या कुंडात जमतं. लग्नानंतर ओटी भरायला आम्ही गेलो, तेव्हा पाया पडताना माझ्या नवऱ्याने डोळे इतके घट्ट मिटले की त्याची पायरीच चुकली.

"बघ रे बाबा, आईच आहे," तिथली पूजा करणाऱ्या सावळाआजी गुरव म्हणाल्या. "हिला चोळी चढवायची नाही. एकदा चढवली होती."

फार पूर्वी इथल्या बायका चोळी घालतच नसत म्हणे. कुणाला त्यात काही दिसतही नसे. एकदा गडावरच्या सरदारीणबाई दर्शनाला आल्या आणि तोंडाला पदर लावून हसल्या, "अगबाई, तुमची देवीसुद्धा अशीच?" गावच्या पाटलाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने देवीच्या छातीवर चुना थापून वर लाल चोळी रंगवली.

आठ दिवसांत झरा थांबला. देवी लाजली, बायका अजून उघड्या हिंडतात म्हणून, असं गावाने ठरवलं. बायकांच्या अंगात चोळ्या आल्या, देवीवर चुन्याचा दुसरा थर चढला. पाणी नाही. मग तिसरा थर. नदी आटली, गुरं मेली. येसू नावाच्या बाळंतिणीचं दूध आटलं. तिचं मूल रडायचंही थांबलं.

तेव्हा मुलाला उराशी बांधून, हातात बत्ता घेऊन येसू डोंगर चढली. ऊन रणरणतं होतं. अंगातली चोळी काढून तिने मुलाच्या डोक्यावर घातली. लोकांनी माना फिरवल्या. दोन महिन्यांपूर्वी याच लोकांना त्यात काही दिसत नव्हतं.

पाटील आडवा आला. "देवीच्या अंगाला हात लावतेस?"

"आधी कुणी लावला?" येसू म्हणाली. "पोराला पाजताना मी कुणाला विचारत नाही. तिने का विचारायचं?"

दिवस कलेपर्यंत ती चुना फोडत राहिली, असं सांगतात. शेवटच्या थराखाली खडक ओला लागला. पहिला थेंब तिने बोटावर घेऊन मुलाच्या ओठांना लावला. ओठ हलले नाहीत. मग धार लागली, तिने मुलाचं तोंड धारेखाली धरलं. पाणी नुसतं गालांवरून वाहून गेलं.

आजही इथे आलेली बाई पहिली ओंजळ पीत नाही. ती उघड्या कातळावर सोडते, आणि ओल सुकेपर्यंत कुणी बोलत नाही. मीही सोडली. कातळ तापलेला होता. फार वेळ थांबावं लागलं नाही.