कधीच न भरणारी कनकवाटी

एका राज्यात, ज्याच्या एका वेशीवर सूर्य उगवे आणि दुसऱ्या वेशीवर मावळे, एक सोन्याची वाटी होती. तिचे नाव कनकवाटी. खजिन्यात हिरे होते, मोती होते, एक उडता पलंगही होता, पण त्याला वाळवी लागली होती. खरा मान वाटीचा. त्या राजघराण्यात अशी रीत होती, की राणी बाळंत झाली म्हणजे रोज सकाळी तिने आपले दूध वाटीत काढायचे आणि राजमातेने ते पाहायचे. वाटी काठोकाठ भरली तर मूल आईपाशी. नाही भरली, तर सव्वा महिना होताच मूल दूधघरात. तिथे दाया त्याला वाढवणार आणि आईने फक्त सणावाराला त्याचे तोंड पाहायचे. तीन पिढ्यांत वाटी एकदाही भरली नव्हती. तरी वाटीतच काही खोट असेल, असे कोणाच्या मनात आले नाही. दोष दरवेळी बाळंतिणीचा. सोन्याला कोण नावे ठेवणार!

राणी शालवतीला मुलगी झाली. नाव ठेवले रोहिणी. जावळ इतके दाट, की बारशाला कुंची डोक्यावर बसेना. शालवती तिला पाहून हरखली आणि त्याच दिवसापासून तिच्या जिवाला घोर लागला.

सकाळ झाली, की राजमाता कात्यायनीदेवी येत, वाटीत डोकावत आणि एकच शब्द बोलत, "अपुरी." त्या आवाजात ना राग असे, ना माया.

मग उपाय सुरू झाले. अळिवाची खीर झाली, डिंकाचे लाडू झाले, शतावरी झाली. पाहायला येणारी प्रत्येक बाई नवीन काहीतरी सुचवी आणि राणी ते मुकाट्याने खाई. मूल जरा रडले, की दासी म्हणत, "भुकेलंय हो बिचारं, आईचं पुरत नाही," आणि बोंडल्याने गाईचे दूध पाजत. पोट भरलेले मूल मग आईला तोंड लावीना. मूल ओढीना म्हणून दूध उतरेना, आणि दूध उतरेना म्हणून पुन्हा बोंडले. एवढी साधी गोष्ट, पण साऱ्या महालात कोणाच्या डोक्यात शिरली नाही. शालवती भिंतीकडे तोंड करून रडे. बाळाला कुशीत घेऊन रडणाऱ्या बाईइतके एकटे कोणी नसते.

तिसावा दिवस उजाडला. बाळंतिणीच्या खोलीत रुप्याच्या पिंजऱ्यात एक साळुंकी होती, वयाने राजमातेहून मोठी. त्या दिवशी राजमाता येण्याआधीच ती ओरडली, "अपुरी! अपुरी!"

दुसरी कोणी असती तर पिंजऱ्यावर चादर टाकून मोकळी झाली असती. शालवतीने विचारले, "साळुंके, वाटी तू कधी पाहिलीस तरी का?"

"तीन राण्यांची पाहिली, तुझी चौथी. तुम्ही वरून पाहता, मी बाजूने पाहते. दूध काठाशी आले, की काठ बोटभर वर सरकतो."

"मग इतकी वर्षे बोलली का नाहीस?"

"कोणी विचारले नाही. विचारल्यावाचून बोलू नये, ही पिंजऱ्याची रीत."

"ही वाटी कोणी घडवली?"

"धूम्रकेश मांत्रिकाने. तीन डोंगरांपलीकडे पिंपळाच्या ढोलीत राहतो. जायला तीन दिवस, यायला तीन."

सव्वा महिन्याला सातच दिवस उरले होते. शालवती राजमातेपुढे उभी राहिली.

"ओली बाळंतीण वेशीबाहेर जात नाही, सूनबाई," राजमाता म्हणाल्या.

"आईसाहेब, तुमची वाटी भरली होती?"

राजमातांनी मान फिरवली. मग म्हणाल्या, "मेणा तयार करा."

राजा वीरकेतू सोबत फौज द्यायला निघाला. "फौजेला दूध येत नाही, महाराज," शालवती म्हणाली, तेव्हा कुठे तो थांबला.

मेण्यात लाडू ठेवले, दुपटी ठेवली, साळुंकी ठेवली. निघण्याच्या घाईत बोंडले मात्र राहिले, आणि हे कळले तेव्हा पहिला डोंगर मागे पडला होता. रोहिणी रडली, राणीने तिला पदराखाली घेतले. घटकाभराने पुन्हा रडली, पुन्हा घेतले. त्या दिवशी दोघीही रडल्या. दुसऱ्या दिवशी रोहिणी चिकटूनच राहिली. तिसऱ्या दिवशी ती पिताना घटाघट आवाज येऊ लागला, आणि साळुंकी मान वाकडी करून ऐकत राहिली.

धूम्रकेश ढोलीतून बाहेर आला. त्याच्या केसांतून धूर निघत होता.

"वाटीचा शाप काढायचा तर तीन वस्तू आण," तो म्हणाला. "सहा वेळा भिजलेले वस्त्र. नदीचे, विहिरीचे, आभाळाचे पाणी त्याला लागलेले नको. असे ओझे, जे कोणी भर न घालता वाढले. आणि अशी वळलेली मूठ, जी आपणहून उघडली. उद्याचा सूर्य मावळेपर्यंत मुदत."

दुसऱ्या दिवशी शालवती पिंपळाखाली डोक्याला हात लावून बसली. तिच्याजवळ असले काही नव्हते. तिच्याजवळ होती एक मुलगी, जी पीत होती, लंगोट भिजवत होती आणि पुन्हा पीत होती. राणी भिजलेला लंगोट फांदीवर टाकी, उन्हात वाळवी, पुन्हा तोच बांधी. दुपार कलली तेव्हा साळुंकी म्हणाली, "सहा."

"काय सहा?"

"तो लंगोट. सकाळपासून सहा वेळा."

शालवतीने फांदीकडे पाहिले आणि महिन्याभरात पहिल्यांदा ती खदाखदा हसली. एवढे बाहेर आले, म्हणजे आत काहीतरी गेलेच असणार!

तिचे हसणे ऐकून म्हातारा भोई धीर करून पुढे आला. "राणीसाहेब, रागावू नका. मेणा जड झालाय. लाडू संपत आले, मग वजन कशाचं वाढलं? खांदा आमचा खोटं बोलत नाही." राणीने रोहिणीला त्याच्या हातावर ठेवले. त्याने तिला अंदाजाने जोखून पाहिले आणि म्हणाला, "हेच ते."

उरली मूठ. सूर्य डोंगराला टेकला. धूम्रकेश समोर येऊन उभा राहिला. नेमकी तेव्हाच रोहिणीने भोकाड पसरले आणि राणीने मांत्रिकाकडे पाठ करून तिला छातीशी धरले. पोरीच्या मुठी गालांशी घट्ट आवळलेल्या होत्या. ती पीत राहिली. हळूहळू करंगळी सुटली, मग एकेक बोट, आणि पंजा सैल होऊन आईच्या छातीवर पडला. ओठांच्या कडेला दुधाचा थेंब, डोळे मिटलेले. शालवतीचा ऊर भरून आला. मांत्रिक, शाप, वाटी, सारे ती विसरली.

"मूठही मिळाली," धूम्रकेश हळू आवाजात म्हणाला, बाळ उठू नये म्हणून.

"असा शाप का दिलात?"

"तुझ्या नवऱ्याचा पणजोबा आला होता. म्हणाला, राणीचे दूध मोजायला भांडे दे. मी म्हटले, मूल आहे ना, त्याच्याकडे पाहा. ऐकेना. म्हणून त्याच्या संशयाएवढे भांडे दिले. आता जा. वाटीत पाणी ओतून पाहा."

सदतिसाव्या दिवशी मेणा परतला. दरबार भरला होता, चौरंगावर कनकवाटी होती, आणि दूधघराच्या दाया दुपटे पसरून उभ्या होत्या.

"आईसाहेब, माझे दूध आज बाळाच्या पोटात आहे," शालवती म्हणाली. "वाटीत तुम्ही पाणी ओता."

राजमातांनी तांब्या उचलला. पाणी काठाशी आले. काठ हलला नाही. पाणी वाटीवरून वाहिले, चौरंगावरून वाहिले, राजमातांची पावले भिजली, तरी त्या ओततच होत्या.

"भरली," त्या म्हणाल्या. तांब्या हातातून सुटला. "वीरकेतूला दूधघरात नेला, त्या दिवशी माझी चोळी चिंब भिजली होती गं. मी म्हटलं, वाटी खोटं कसं बोलेल?"

एवढा मिशाळ राजा, सिंहासनावरून उतरून आईच्या पायांशी बसला. शालवतीने झोपलेली रोहिणी राजमातांच्या मांडीवर ठेवली.

पुढे दूधघर बंद झाले नाही. कोणा आईला खरेच कमी दूध येई, कोणी आजारी असे. त्यांच्या बाळांना तिथे दूध मिळे, पण आईच्या मांडीवर, आणि तिला कोणी हिणवत नसे. राजमाता स्वतः तिथे बसत आणि घाबरलेल्या पोरींना मुठी पाहायला शिकवत. कनकवाटी अंगणात ठेवली, साळुंकीच्या आंघोळीसाठी. साळुंकी न्हाली, तिने पंख झटकले. ते उडालेले थेंब, जिथे जिथे बाळंतीण आहे, तिथल्या अंगणात पडोत.