मुळ्याच्या पाल्याचं पाणी

डोंगरावर एक गड होता. गडाच्या पायथ्याशी राजा राज्य करायचा, आणि राजाच्या मुदपाकखान्यात गोजराबाई. दोघांत गोजराबाईचं राज्य जास्त कडक.

तिची पालेभाजी नावाजलेली. मुळ्याचा पाला असो की मेथी, हंडाभर पाण्यात रटरटा उकडायची, दोन्ही हातांनी घट्ट पिळायची, मग लसणाची चरचरीत फोडणी. कडूपणाचा मागमूस नाही! उरलेलं हिरवं पाणी जायचं मागच्या दाराने, टिपरी शेळीच्या घमेल्यात. ही शेळी इतकी म्हातारी, की आधी ती आली की आधी राजवाडा, यावर लोकांत वाद होता.

एकदा नेमाशेठ नावाचा व्यापारी पत्र्याचे बंद डबे घेऊन दरबारात आला.

"महाराज, हा मुळ्याचा पाला सहा महिन्यांपूर्वीचा. पण तुमच्या ताज्या भाजीपेक्षा ताकदीचा!"

गोजराबाईने नाकाला पदर लावला. "शेठ, स्वतः खाऊन बघितलाय का कधी?"

दरबार हसला. पण राजाला खरं काय ते बघायचं होतं. गडावर खलिते नेणारे दोन हरकारे त्याने निवडले. महिनाभर एकाने डब्यातली भाजी खायची, दुसऱ्याने गोजराबाईची. मग दोघांनी गडाच्या हजार पायऱ्या चढायच्या. दुसरा हरकारा म्हणजे गोजराबाईचाच धाकटा भाऊ, बाळोबा.

"हरले तर माझी पळी शेठच्या हातात देईन," ती बोलून गेली. आणि मग तिला घाम फुटला.

महिनाभर शेठची माणसं डबा उघडायची आणि पाण्यासकट पातेल्यात उपडा करायची. गोजराबाई हसायची. "पिळायचासुद्धा कंटाळा, मेल्यांना!"

चढाईचा दिवस आला. पाचशेव्या पायरीवर बाळोबा मटकन बसला. शेठचा हरकारा धापा टाकत पुढे निघाला. गोजराबाईने कमरेची पळी घट्ट धरली.

तेवढ्यात काहीतरी पांढरं सपकन तिच्या अंगावरून गेलं. टिपरी! दावं तोडून निघालेली. तिने बाळोबाला मागे टाकलं, शेठच्या हरकाऱ्यालाही मागे टाकलं, आणि बघता बघता ती थेट वरच्या बुरुजावर जाऊन उभी राहिली. तिच्या शिंगांमध्ये सूर्य. अंगावरचा केस न् केस चमकत होता. खाली अख्खं गाव माना वर करून बघत होतं. कुणीतरी चपला काढल्या, कुणीतरी हात जोडले. राजाने नकळत पागोटं सावरलं.

"गोजराबाई," तो हळूच म्हणाला, "हिला खायला घालतेस तरी काय?"

'गवत' म्हणून मोकळं होता आलं असतं. शब्द ओठांवर आलाही होता. पण वर टिपरी अशी उभी होती, की तिच्यासमोर खोटं बोलवेना.

"महाराज, भाजीचं पाणी. मी इतकी वर्षं तुम्हाला चोथा वाढला, आणि सत्त्व शेळीला पाजलं. वर मिरवलं ते वेगळंच!"

तिने कमरेची पळी काढली आणि नेमाशेठपुढे धरली.

शेठने ती घेतली, उलटसुलट बघितली आणि परत तिच्या हातात ठेवली. "बाई, माझ्या डब्यात काही जादू नाही. उकडण्यात माझ्याही भाजीची थोडी ताकद जातेच. फक्त डब्याला मागचं दार नसतं."

दुसऱ्या दिवसापासून मुळ्याचा पाला झाकण ठेवून, बेताच्या पाण्यात शिजू लागला. उरलेल्या पाण्यात भाकरीचं पीठ भिजू लागलं. भाजी जराशी कडू लागायची. राजा तोंड वाकडं करायचा आणि पुन्हा मागायचा. महिन्याभरात बाळोबा न थांबता गड चढला.

फक्त टिपरी रुसली. मग गोजराबाईने रोज एक वाटी पाणी तिच्यासाठी बाजूला काढायला सुरुवात केली. गुरूचा मान म्हणून.

तात्पर्य: दुसऱ्याच्या ताटाला नाक मुरडण्याआधी आपण मागच्या दाराने काय फेकतो ते बघावं, आणि चूक दिसली की चारचौघांत कबूल करावी.